कॅफे रेसर केलेली बुलेट साठच्या पुढे अडखळते, फटाके फोडते: मेन जेट बदलण्याआधी हे बघा

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. कॅफे रेसर म्हणजे जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी, सोलून हलकी केलेली गाडी. ती करायला रॉयल एनफिल्डची चांगली चालणारी क्लासिक ३५० किंवा इलेक्ट्रा घेतली जाते. लांबट टाकी, मागे कुबड असलेली एकसीट, खाली घेतलेलं हँडल, छोटा गोल हेडलाइट, एअरबॉक्स (मूळ फिल्टरचा बंद डबा) काढून लावलेला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि आखूड सायलेन्सर. गाडी देखणी होते, यात वादच नाही. मग पहिल्याच महिन्यात दुखणं सुरू होतं. चाळीस-पन्नासपर्यंत ठीक, ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे पिळला की गाडी पुढे जायच्या ऐवजी ढेपाळते. ॲक्सिलरेटर सोडला की मागे फटाके. घाट चढताना इंजिन नको इतकं तापतं, पाऊस लागला की मिसिंग. गॅरेजला नेली की मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी) एक-दोन नंबर मोठा टाकून मिळतो, आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

मी इथे २०२० च्या आधीच्या, कार्बोरेटरवाल्या ३५० यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेल्या) इंजिनबद्दल लिहितोय. कारण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त कॅफे रेसर आणि स्क्रॅम्बलर याच गाडीच्या केल्या जातात आणि हेच दुखणं त्यांच्यात परत परत उगवतं. इंजेक्शनच्या गाड्यांचं शेवटी थोडक्यात येईल.

आधी हे समजून घ्या की उघडा फिल्टर मुळात दोषी नाही. तो चुकीच्या कार्बोरेटरला लागलाय. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेभोवती १९५०-६० च्या दशकांत जी पोरं गाड्या सोलून हलक्या करायची, नॉर्टनच्या फेदरबेड चासीत ट्रायम्फचं इंजिन बसवून ट्रायटन उभी करायची, त्यांच्या गाड्यांना आमालचे कार्बोरेटर असायचे. त्यात ॲक्सिलरेटरची केबल थेट स्लाइडला, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या तुकड्याला, बांधलेली. तुम्ही जितकं पिळाल तितकी स्लाइड वर जाणार, समोर फिल्टर असो, नुसती घंटेच्या आकाराची नळी असो किंवा काहीच नसो. आपल्याकडच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा मिकार्ब व्हीएम २४ सुद्धा याच जातीचा. त्यामुळे जुन्या मेस्त्रींचा अनुभव असा की फिल्टर उघडा केला, जेट थोडा वाढवला, काम झालं. त्यांच्या गाडीवर ते खरंच होत होतं.

यूसीई ३५० ला बीएस २९ कार्बोरेटर आहे, तो सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) प्रकारचा. इथे तुमची केबल फक्त बटरफ्लाय, म्हणजे नळीतली गोल चकती, फिरवते. स्लाइड वर उचलायचं काम व्हॅक्यूम करतो. स्लाइडच्या डोक्यावर एक पातळ रबरी डायफ्रॅम असतो. त्याच्या वरच्या खोलीत इंजिनाचा व्हॅक्यूम पोचतो आणि खालच्या खोलीत बाहेरची हवा येते. या दोन दाबांमधला फरक स्लाइडला वर ओढतो, स्लाइडबरोबर सुई वर येते, पेट्रोल सुटतं. आता खालच्या खोलीत हवा येते कुठून? कार्बोरेटरच्या तोंडापासून, जिथे फिल्टर चढतो त्या कडेला असलेल्या वाटेतून. एअरबॉक्समध्ये ही हवा शांत असते. उघड्या फिल्टरमागे ती शांत राहत नाही. बहुतेक दुखण्याची मुळी इथे आहे, आणि मेन जेटला इथे काहीच करता येत नाही.

म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी रस्त्यावर एक गोष्ट तपासा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चांगली ताणा, वेग पस्तीस-चाळीसच्या आसपास राहील. मग चौथ्या गिअरमध्ये सत्तरला तितकाच ॲक्सिलरेटर द्या. दुसऱ्यात स्वच्छ खेचते आणि चौथ्यात वाऱ्यात अडखळते, त्यातही बाजूने वारा आला किंवा ट्रकच्या मागे गेलो की अडखळणं बदलतं, असं असेल तर पेट्रोल कमी पडत नाहीये. फिल्टरभोवती भिरभिरणाऱ्या हवेने स्लाइड थरथरतेय. याला उपाय दोन. फिल्टरच्या पुढच्या आणि बाहेरच्या बाजूला ॲल्युमिनिअमच्या पत्र्याची आडोशाची पट्टी लावा, किंवा एअरबॉक्स परत आणा. पत्र्याने बऱ्यापैकी फरक पडतो. एअरबॉक्सने पूर्ण पडतो.

वेग कुठलाही असो, अर्ध्या ॲक्सिलरेटरच्या पुढे नेहमीच मरत असेल, तर फिल्टर उतरवा आणि कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारा. कडेला बारीक छिद्रं दिसतील, ती एअर जेटची, आणि त्यांच्यापेक्षा मोठी एक वाट दिसेल, ती डायफ्रॅमखालच्या खोलीची. आता उघड्या फिल्टरचं रबरी तोंड आतून बघा. स्वस्त फिल्टरला आतल्या बाजूला जाडसर ओठ असतो. तो कार्बोरेटरच्या कडेवर पूर्ण दाबून बसवला की नेमकी हीच वाट झाकली जाते. रबरावर अर्धचंद्रासारखा किंवा गोल ठसा उमटलेला दिसतो, तोच पुरावा. धारदार पात्याने तेवढा ओठ कापून काढा, कापलेली धूळ फिल्टरमध्ये राहू देऊ नका, आणि क्लॅम्प आवळताना फिल्टर शेवटपर्यंत ठोकून बसवू नका. गाडी लगेच मोकळी झाली तर मागच्या वेळी मोठा केलेला मेन जेट आता जास्त होणार. मूळ नंबरचा परत घाला. नाहीतर धूर काळा आणि प्लग काजळलेला.

तोंड मोकळं आहे तरी फरक नाही? मग डायफ्रॅम. कार्बोरेटरचं वरचं झाकण काढा, स्प्रिंग सांभाळा, स्लाइड डायफ्रॅमसकट अलगद बाहेर घ्या. रबर बोटांवर ताणून उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढं छिद्र पुरेसं असतं, आणि ते बहुतेकदा घडीच्या जागी किंवा कडेजवळ असतं. डायफ्रॅमवर कार्बोरेटर क्लीनर मारू नका, रबर फुगतं, लांबतं आणि परत खाचेत बसत नाही. कापडाने पुसा, बस. बसवताना कडेची गोल वळी खाचेत सगळीकडून बसली आहे ना हे बोटाने फिरवून बघा. झाकणाखाली एक कड दुमडली की वरची खोली गळकी होते आणि दुखणं नव्यासारखं परत येतं. बसवून झाल्यावर स्लाइड बोटाने वर उचला, ती तोंडाजवळची वाट दुसऱ्या बोटाने बंद करा आणि स्लाइड सोडा. रबर शाबूत असेल तर ती सावकाश खाली येते. धाडकन पडली तर कुठेतरी फाटलंय.

आता पेट्रोल कमी की जास्त, हा प्रश्न. गाडी अडखळते त्याच ॲक्सिलरेटरवर चालत्या गाडीत चोक थोडा ओढून बघा. बरी झाली तर मिश्रण पातळ आहे, हवा जास्त. आणखी बिघडली तर आधीच घट्ट आहे. उघड्या फिल्टरच्या बाबतीत हेच उलट बाजूनेही करता येतं: फिल्टरचा तिसरा हिस्सा चिकटपट्टीने झाका आणि फेरी मारा. सुधारली तर हवा जास्त होती.

जेटला हात लावायचाच तर ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या घरावर चिकटपट्टीचे तुकडे लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. दुखणं नेमकं कुठल्या खुणेवर होतं ते लिहून ठेवा. पावाच्या आत पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारा) आणि पायलट स्क्रू, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. साठच्या वेगाला समतल रस्त्यावर यूसीई पाव-अर्ध्याच्या मध्येच चालत असते. म्हणजे ज्या ठिकाणी लोक मेन जेट बदलतात, तिथे बऱ्याच वेळा मेन जेटचं राज्यच नसतं. सुईखाली अर्ध्या मिलिमीटरची वॉशर घालून सुई थोडी वर घेणं जास्त उपयोगी पडतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. जेट, सुई आणि स्क्रू एकाच दुपारी हलवले की कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही, मेस्त्रीलाही नाही.

प्लग बघायची पद्धतही सांगतो, कारण ती नेहमी अर्धवट केली जाते. सिग्नलला उभं राहून, घरापर्यंत सावकाश येऊन काढलेला प्लग आयडलचा रंग दाखवतो. जो ॲक्सिलरेटर तपासायचाय त्यावर रिकाम्या रस्त्यावर थोडं अंतर सलग चालवा, मग क्लच दाबून किल स्विच बंद करा आणि बाजूला थांबून प्लग काढा. यूसीईला दोन प्लग आहेत, दोन्ही बघा. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक मण्यासारखे डाग दिसले तर मिश्रण पातळ आहे, आणि अशा गाडीवर घाट चढू नका. पिस्टन खराब व्हायची वाट तिथूनच सुरू होते.

फटाक्यांकडे वळू. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरातून येणारे आवाज म्हणजे न जळलेलं मिश्रण गरम पाइपात बाहेरच्या हवेला भेटून पेटतंय. हवा शिरते बहुधा दोन ठिकाणांहून. एक, हेडजवळचा जोड. आखूड सायलेन्सर बसवताना बेंड पाइप काढला जातो आणि जुनीच चपटी झालेली गॅस्केट परत बसते. इंजिन थंड असताना सुरू करा आणि जोडाजवळ हात धरा (टेकवू नका), फुस्स अशी हवा जाणवते. काजळीचा काळा फराटाही दिसतो. नवी गॅस्केट घाला, नट दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आवळा. दोन, पीएव्ही, म्हणजे एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी झडप. धूर कमी करण्यासाठी कंपनीनेच ती दिलीय. मूळ सायलेन्सरमध्ये तिचा आवाज येत नाही, मोकळ्यात येतो. ती बंद करून टाका असा सल्ला जागोजागी मिळेल. मी तो देणार नाही. प्रदूषणासाठी दिलेला भाग आहे, तो राहू द्या. जोड घट्ट केल्यावर आणि पायलट स्क्रू पाव-पाव फेरा उघडून आयडल नीट लावल्यावर फटाके इतके कमी होतात की त्या झडपेला हात लावायची गरज उरत नाही. कार्बोरेटर आणि हेडमधला रबरी इंटेकही तपासा, चिरलेला असेल तर आयडल वर-खाली होत राहतो.

पावसाळ्याचं दुखणं मात्र वेगळ्याच घरातून येतं: मागच्या मडगार्डमधून. कॅफे रेसरचा मागचा भाग कापला की चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल सरळ सीटखाली येतो. तिथे आता एअरबॉक्स नाही, उघडा फिल्टर आहे. भिजलेला फिल्टर हवा अडवतो, गाडी जड होते, काळा धूर देते आणि बंद पडते. जुलैत ताम्हिणी उतरून मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात जाणाऱ्याला हे सांगायला नको. बाजारात फिल्टरवर घालायचे कापडी मोजे मिळतात, ते शिंतोडे अडवतात, धार अडवत नाहीत. सीटखाली, चाक आणि फिल्टरच्या मध्ये, आतला मडगार्ड बसवून घ्या. सीटच्या रेषेत लपतो, दिसतही नाही. प्लग कॅपची रबरं आणि एचटी कॉइलची (प्लगला ठिणगी पुरवते ती) जागा बघा, कारण कॉइलही बऱ्याचदा टाकीखालून हलवून पाणी उडतं तिथे आणलेली असते. अंधारात इंजिन सुरू ठेवून वायरवर पाण्याचा हलका फवारा मारा. ठिणगी बाहेर नाचताना डोळ्यांना दिसते.

आणि आता ती गोष्ट जी कार्बोरेटरचं दुखणं म्हणून तासन्‌तास खाते पण असते विजेची. चासीला नवं पावडर कोटिंग होतं, छान काळं चकचकीत, आणि अर्थिंगचा बोल्ट त्याच कोटिंगवर आवळला जातो. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचा थर. वीज जाणार कुठून? बोल्टच्या आट्यांतून कशीबशी जाते. गाडी गरम झाली, खड्ड्यात आपटली की तुटते. मिसिंग, मंद हेडलाइट, इंडिकेटर लावला की आयडल पडणं, सगळं एकाच जागेतून. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. अर्थिंगच्या जागेचं कोटिंग चमकत्या धातूपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावा म्हणजे गंज धरणार नाही.

बॅटरीचंही तेच. मूळ १४ अँपिअर-अवरची बॅटरी सीटखाली दिसू नये म्हणून ५ किंवा ७ ची लपवली जाते. किक मारणार असाल तर चालेल, सेल्फ मारणार असाल तर ती लवकर मरते. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि मध्यम रेसवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. पंधराच्या वर गेलं तर रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बघा. त्याला हवा लागत नाही अशा कोपऱ्यात कोंबलेला असतो आणि तापून जातो. एलईडी इंडिकेटर भराभरा लुकलुकत असतील तर तो बिघाड नाही, जुन्या फ्लॅशरला लोड कमी पडतोय. एलईडीचा फ्लॅशर घाला.

दोन छोट्या गोष्टी, ज्यांना दोन मिनिटं लागतात. गाडी दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडते, थोडं थांबलं की सुरू होते? टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला तर झाकणातलं श्वासाचं छिद्र रंगाने बुजलंय. दुसरं, गाडी आयडलवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. रेस वाढली तर केबल नव्या हँडलला आखूड पडतेय किंवा टाकीखाली चेपली जातेय. हे आजच दुरुस्त करा. वळणावर आपोआप वाढणारी रेस माणसाला पाडते.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल की मग करूच नये का. करावी. बुलेटच्या जड पत्र्याचं वजन कमी झालं की गाडी वळणात खरंच बदलते, आणि जी जुनी इलेक्ट्रा भंगारात जायची तिला दहा वर्षं आणखी मिळतात. स्वतःची गाडी सुट्या भागांपर्यंत ओळखण्याचं सुख वेगळंच. कंपन्यांनाही हे कळलंय: रॉयल एनफिल्डने १९६० च्या दशकातल्या कॉन्टिनेंटल जीटीचं नाव २०१३ मध्ये ५३५ वर परत आणलं, २०१८ मध्ये ६५० आली. २०२३ पासून ट्रायम्फची स्पीड ४०० आपल्या चाकणलाच बनते. या गाड्या जवळून बघा. दिसायला जुन्या, पण एअरबॉक्स जागेवर, अर्थिंग जागेवर. कारागिराने नक्कल करायचीच तर याची करावी.

मला खरा त्रास होतो तो चासीच्या कापाकापीचा. सीटचं कुबड बसवायला मागची पट्टी कापताना शॉकॲब्सॉर्बरच्या बोल्टच्या मागे कापून तिथे गोल कडी जोडली तर समजू शकतो. बोल्टजवळ कापून, साधी आर्क वेल्डिंग मारून, वर पुट्टी आणि रंग, हे मी पाहिलंय आणि त्यावर माणूस बसतो. अशा जोडाजवळ रंगाला केसाएवढी भेग दिसली तर गाडी चालवू नका.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचे तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे मांडलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण हवं. एकसीट कॅफे रेसरमध्ये पहिल्यांदा हेच निघतं. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर दावा अडतो. सीट, हँडलची पकड, आरसे, रंग, टाकीवरचं काम एवढ्यात राहूनही गाडी जुन्या वळणाची दिसते आणि उद्या मूळ रूपात परत नेता येते.

२०२० नंतरच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत वरचं कार्बोरेटरचं काहीच लागू नाही, अर्थिंगचं मात्र दुप्पट लागू. नव्या सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सरची जागा नसली आणि सेन्सर लोंबकळत सोडला, तर ईसीयूला (इंजेक्शन चालवणाऱ्या कंप्युटरला) हवाच दिसते, तो पेट्रोल वाढवत राहतो, मीटरवर दिवा लागतो. सेन्सर जागेवर बसेल असाच पाइप घ्या, आणि वायरिंग कापून आखूड करू देऊ नका. गुंडाळून लपवता येतं.

काम द्यायला जाल तेव्हा कारागिराला आधी विचारा की एअरबॉक्स ठेवून हे डिझाइन करता येईल का. चांगला कारागीर साइड पॅनेलमागे तो बसवून दाखवतो. आणि काढलेला एअरबॉक्स, मूळ सायलेन्सर, मडगार्ड आणि जेट पोत्यात भरून घरी आणा. बरेच कारागीर ते मजुरीत वळते करून घेतात आणि दुखणं उभं राहतं तेव्हा परत फिरायला हाताशी काहीच नसतं.